नोझलचा खटका आणि गाडीचा श्वास

टाकी निम्म्याहून अधिक रिकामी असल्याचे काटा स्पष्ट दाखवीत असता आणि पंपाचे यंत्रही सुरळीत चालू असता, दर अर्ध्या-पाऊण लिटरला नोझलचा खटका पडून पेट्रोल का थांबते, ही पृच्छा मोटार बाळगणाऱ्या वाचकांकडून इतक्या वारंवार येते की तिचे उत्तर एकदा सविस्तर आणि क्रमवार द्यावे असे मनाने घेतले. तिच्या मागोमाग आणखीही काही शंका हमखास येतात. कोणाच्या गाडीत खटका वेळेवर न पडल्यामुळे पेट्रोल पत्र्यावरून ओघळलेले असते, कोणाच्या पावतीवर टाकीच्या नोंदलेल्या क्षमतेपेक्षा दोन-तीन लिटरांनी मोठा आकडा छापून आलेला असतो, आणि एखाद्यावर तर डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरले गेल्याचा अनर्थ ओढवलेला असतो.

ह्या विषयाकडे माझे लक्ष प्रथम वळले ते स्वतःच्याच अनुभवाने. आमच्या गाडीचा, टाकीच्या झाकणाकडील बाजूचा मागील पत्रा एका किरकोळ धक्क्याने चेपला होता. तो सरळ करून घेतल्यानंतर पहिल्याच प्रवासात पंपावर खटक्यामागून खटके पडू लागले, दुसऱ्या पंपावरही तेच झाले, आणि तेथील कर्मचारी मुद्दाम नोझल दाबून-सोडून मापात लबाडी करीत असावा अशा समजुतीने मी त्यास चार कठोर शब्द बोललो, ज्यांची मला आजही खंत वाटते. तिसऱ्या पंपावरील एका वयस्क कर्मचाऱ्याने मात्र नोझल बाहेर काढले, कान लावून टाकीच्या तोंडातील आवाज ऐकला आणि म्हटले, "साहेब, तीन ठिकाणी तेच होत असेल तर पंपाला बोल लावू नका. गाडीचा श्वास कोंडलाय." त्याचे निदान बरोबर निघाले. पत्रा ठोकताना टाकीतील हवा बाहेर आणणारी रबरी नळी दुमडली गेली होती. ती सरळ होताच खटका पूर्ववत टाकी भरल्यावरच पडू लागला. पंपावर उद्भवणाऱ्या बहुतेक तंट्यांचे मूळ, दोष पंपाचा, भरणाऱ्या हाताचा की गाडीचा, ह्याची शहानिशा होण्यापूर्वीच माणसावर आरोप होतो ह्यात आहे, असे माझे तेव्हापासून मत बनले आहे.

खटका पडतो म्हणजे काय होते

निर्णयापुरते एवढेच ध्यानात ठेवावे. नोझलच्या टोटीच्या टोकाजवळ एक बारीक छिद्र असते. इंधन वेगाने वाहू लागले की त्या छिद्रातून थोडी हवा आत ओढली जाते. छिद्र द्रवाने झाकले की हवा थांबते, आतील पडदा ओढला जातो आणि घोडा सुटून झडप बंद होते. ह्यात वीज नाही, की टाकीची पातळी मोजणारे कोणतेही साधन नाही. सबब टाकी भरली की नाही हे नोझलला कळत नाही. आपल्या तोंडाशी पेट्रोल किंवा फेस आला एवढेच त्यास कळते. टाकी रिकामी असूनही काही कारणाने पेट्रोल तोंडाशी तुंबले, उसळले किंवा फेसाळले, तर खटका पडणारच. अनेक नोझलांत टोक आडवे किंवा वरच्या दिशेला झाले तरी बंद होण्याची योजना असते, हेही लक्षात असू द्यावे.

पंप, हात की गाडी?

एकाच पंपावरील एका प्रसंगावरून निष्कर्ष काढू नये. पुढील लक्षणे ताडून पाहिल्यास बहुधा उत्तर हाती लागते.

- एकाच पंपावर, विशेषतः एकाच यंत्रावर खटका पडतो, अन्यत्र नाही: दोष त्या नोझलचा. पडदा किंवा घोडा झिजलेला असतो अथवा छिद्रात कचरा असतो. शेजारच्या यंत्रावर गाडी लावून पाहावी.
- एकच कर्मचारी भरतो तेव्हा पडतो, दुसऱ्याने भरल्यास नाही: दोष नोझल धरण्याच्या कोनाचा किंवा प्रवाहाच्या वेगाचा.
- सर्व पंपांवर, टाकी रिकामी असतानाही, अगदी आरंभापासून पडतो. मात्र अत्यंत संथ धारेने भरल्यास पडत नाही: दोष गाडीचा. टाकीतील हवेला बाहेर येण्यास वाट मिळत नाही.
- टाकी तीन-चतुर्थांशाहून अधिक भरल्यावरच पडू लागतो: बहुतेक वेळा हा दोषच नव्हे. काट्याची अचूकता वरच्या भागात फारशी भरवशाची नसते.
- केवळ डिझेल भरताना आणि फेस दिसत असता पडतो: डिझेल फेसाळते, आणि फेसाने छिद्र झाकले जाते. अर्धा-एक मिनिट थांबल्यास फेस बसतो.

तिसरे लक्षण आढळल्यास आणखी एक खूण तपासून पाहण्याजोगी आहे. गाडी तासभर चालविल्यानंतर झाकण हळूहळू उघडावे. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ थोडी बाहेर पडून सुस्कारा ऐकू येणे स्वाभाविक आहे, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात तर तो बराच मोठा असू शकतो. परंतु झाकण उघडताच हवा जोराने आत ओढली गेली आणि हा प्रकार दर वेळी होऊ लागला, तर टाकीची हवा खेळण्याची वाट कोठेतरी बंद झाली आहे असे समजावे. अशा गाडीचे इंजिन लांबच्या प्रवासात अडखळते आणि झाकण उघडून लावल्यावर काही काळ पुन्हा नीट चालते, असाही अनुभव येतो.

पंपावर उभे असतानाच करावयाचे उपाय

1. कर्मचाऱ्यास नोझल बोटभर बाहेर ओढून धरावयास सांगावे. टोटी अगदी तळापर्यंत रेटली असता, नळी जेथे वळते तेथे धार थेट आदळून उसळते, आणि उसळलेले थेंब छिद्र झाकतात.
2. एवढ्याने भागले नाही तर नोझल थोडे डावीकडे किंवा उजवीकडे फिरवून धरावे. काही गाड्यांच्या बाबतीत उपयोगी पडणारा नेमका कोन एकदा सापडला की तोच पुढेही कामी येतो; तो आपण ध्यानात ठेवून दर वेळी सांगावा.
3. घोड्याला साधारणतः दोन-तीन खाचा असतात. सर्वांत वेगवान खाचेवरून मधल्या किंवा संथ खाचेवर आणावे.
4. डिझेल भरताना, ते यंत्र ट्रकसाठी ठेवलेले मोठ्या प्रवाहाचे तर नाही ना, हे पाहावे. महामार्गालगतच्या पंपांवर ही चूक सहज होते, कारण तेथील रांगा ट्रकांच्या सोयीने आखलेल्या असतात.
5. घोडा हाताने धरून ठेवावा. त्याखाली झाकण, नाणे किंवा कापडाची घडी अडकवून तो दाबून ठेवण्याची रीत काही ठिकाणी दिसते. ती होऊ देऊ नये, कारण खटका पडण्याच्या व्यवस्थेलाच ती बाधा आणते.

मोठ्या शहरांतील अनेक पंपांवर टोटीभोवती रबरी घडीचे आवरण किंवा अनेक छिद्रे असलेली नोझले दिसतात. ती पाहून काही वाचकांस शंका येते. भरताना निघणारी वाफ परत खेचून घेण्यासाठी ही योजना असते. आवरण टाकीच्या तोंडाशी नीट टेकलेले असावे. ते फाटलेले दिसल्यास दुसरे यंत्र मागावे.

दोष गाडीत असेल तर वर्कशॉपमध्ये काय सांगावे

"पेट्रोल नीट भरले जात नाही" एवढेच मोघम सांगितल्यास मेकॅनिक बहुधा काटा तपासतो किंवा पेट्रोलचा पंप तपासतो, आणि खर्च वाढत जातो. सबब कोणत्या पंपांवर, किती लिटरांनंतर, वेगवान धारेवर की संथ धारेवर खटका पडतो, हे कागदावर लिहून न्यावे आणि पुढील तपासणी ह्याच क्रमाने करून मागावी. क्रम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा आहे.

प्रथम, टाकीच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारी मोठी नळी आणि तिला समांतर असलेली हवेची बारीक नळी, म्हणजे ब्रीदर पाइप, दुमडलेली, चेपलेली किंवा फुगलेली नाही ना, हे पाहावे. पत्र्याचे किंवा रंगाचे काम होऊन गेले असेल, टाकी उतरवून बसविली असेल, किंवा मागील चाकाजवळ काही आदळले असेल, तर दोष येथेच सापडण्याचा संभव सर्वाधिक. दुसरे, टाकीच्या तोंडातील आतली झडप पूर्ण उघडते की नाही, ते पाहावे. तिसरे, गाडीखाली उघडणाऱ्या हवेच्या नळीच्या टोकाशी चिखल साचला आहे काय, किंवा कुंभारणीने मातीचे घर बांधले आहे काय, हे पाहावे. गाडी महिना-दोन महिने एका जागी उभी राहिली असेल, तर हे कारण मुळीच दुर्मिळ नाही, आणि कोकणातील चिखलाच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांची तर पावसाळ्यानंतर मुद्दाम पाहणी करावी.

पेट्रोलच्या गाडीत ह्याशिवाय कोळशाच्या दाण्यांनी भरलेला एक डबा असतो, ज्यास कॅनिस्टर म्हणतात. टाकीतील वाफ त्यात शोषली जाते आणि पुढे इंजिनात जाळली जाते. द्रव पेट्रोल त्यात शिरले की कोळसा भिजतो आणि वाफेची वाट तुंबते. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू होण्यास कुरकुर करते, मागील बाजूस वास येत राहतो किंवा इंजिनचा पिवळा दिवा लागतो, ही त्याची लक्षणे. डबा आणि त्याची झडप तपासण्यास सांगावे, परंतु वरील तीन गोष्टी पाहून झाल्यावाचून डबा बदलून घेऊ नये. तो स्वस्त नसतो.

पहिला खटका हाच शेवटचा

"टाकी फुल्ल करा" असे सांगितल्यावर पहिला खटका पडतो, आणि तेथून पुढे रकमेचा आकडा पूर्ण करण्यासाठी घोडा पुन्हापुन्हा दाबला जातो. कर्मचारी हे आपल्या सोयीसाठी करतो, सुटे पैसे नकोत म्हणून आपणही त्यास मूक संमती देतो, आणि आता पैसे बहुधा मोबाइलवरून दिले जात असूनही ही सवय सुटलेली नाही. टाकीच्या माथ्यावर मोकळी ठेवलेली जागा वाया गेलेली नसते. ऊन लागून पेट्रोल प्रसरण पावले, किंवा घाटात गाडी कलली, तर सामावून घेण्यासाठी ती राखलेली असते; ती भरली की पेट्रोल वाफेच्या नळीत शिरते आणि वर सांगितलेला डबा भिजतो. आज जबरदस्तीने भरलेले ते एक-दोन लिटर काही महिन्यांनी विनाकारण खटका पडण्याच्या रूपाने परत भेटतात, हा दुवा फार थोड्यांच्या ध्यानात येतो. म्हणून आपणच आधी स्पष्ट सांगावे: "पहिल्या खटक्याला थांबा, जेवढे होतील तेवढे पैसे देतो."

क्षमता ३५ लिटर, पावती ३८ लिटरची

ही तक्रार वर्तमानपत्रांतही अधूनमधून झळकते आणि त्यावरून पंपचालकास चोर ठरविले जाते. गाडीच्या पुस्तिकेतील क्षमता ही कारखान्याने सुरक्षित पातळीपर्यंत धरलेली असते. माथ्यावरची मोकळी जागा आणि तोंडापर्यंतची नळी तीत मोजलेली नसते. सबब काठोकाठ भरल्यास नोंदलेल्या क्षमतेहून कित्येक लिटर अधिक मावू शकते. एवढ्या एका आकड्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही. ती सिद्ध होते मापाने, आणि त्या मापाविषयी पुढे लिहिले आहे.

खटका पडतच नाही तेव्हा

हा दोष अल्प प्रमाणात आढळतो, परंतु अधिक घातक आहे. छिद्र बुजले असेल किंवा पडदा फाटला असेल तर नोझल आपोआप बंद होत नाही. अगदी बारीक धारेने भरतानाही आतील ओढ पुरेशी निर्माण न झाल्याने खटका पडेलच अशी शाश्वती नसते, म्हणून संथ धारेचा उपाय करताना कर्मचाऱ्याची नजर टाकीच्या तोंडावरच असली पाहिजे. पेट्रोल सांडलेच तर:

- कोणत्याही परिस्थितीत इंजिन सुरू करू नये. गाडी बंद अवस्थेतच ढकलून बाजूला घ्यावी.
- सांडलेल्या जागेवर पंपावरील बादल्यांतील वाळू टाकून मागावी. ती त्याचसाठी ठेवलेली असते.
- पत्र्यावर ओघळलेले पेट्रोल भरपूर पाण्याने धुवावे. कोरड्या फडक्याने घासू नये, रंग खराब होतो.
- कपडे भिजले असल्यास आधी पाण्याने ओले करून मग बदलावेत. डोळ्यांत उडाल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवून डॉक्टरांकडे जावे.
- ते नोझल तत्काळ बंद ठेवावे असे व्यवस्थापकास सांगून तक्रार पुस्तकात नोंद करावी. आपले काम झाले म्हणून निघून गेल्यास पुढच्या गाडीवर तोच प्रसंग येतो.

नोझल टाकीच्या तोंडात अडकले तर हिसडा देऊ नये. घोडा पूर्ण सुटला आहे ह्याची खात्री करून, ज्या तिरक्या रेषेत ते आत गेले त्याच रेषेत किंचित फिरवीत बाहेर काढावे. झाकणाचा बाहेरील पत्रा उघडत नसेल, तर अनेक गाड्यांत डिकीच्या अस्तराआड ओढण्याची दोरी असते. ती कोठे आहे हे घरी सवडीने पुस्तिकेत पाहून ठेवावे. आणि नोझल आत असतानाच गाडी पुढे निघाली, असे झाल्यास तिथल्या तिथे थांबावे, मागे घेऊ नये. अनेक ठिकाणी नळीस ताण बसताच सुटणारा जोड बसविलेला असतो, तरी सुटलेले टोक कर्मचाऱ्यानेच हाताळावे.

चुकीचे इंधन भरले गेल्यास

डिझेलच्या नोझलची टोटी सामान्यतः पेट्रोलच्या टोटीपेक्षा जाड असल्यामुळे ती पेट्रोलच्या गाडीत सहसा जात नाही. उलट पेट्रोलची बारीक टोटी डिझेलच्या गाडीत निर्वेध शिरते. दुर्दैवाची गोष्ट अशी की ह्या दोन चुकांपैकी जी सहज घडते तीच अधिक नासधूस करते. डिझेल हे इंजिनाच्या उच्च दाबाच्या पंपास वंगणही पुरविते. त्यात पेट्रोल मिसळले की ते वंगण नाहीसे होते, पंप घासला जाऊन त्याचा धातूचा भुगा पुढे इंजेक्टरांत जातो, आणि दुरुस्ती काही हजारांवरून लाखाच्या घरात पोचते. पेट्रोलच्या गाडीत डिझेल गेल्यास धूर आणि गाडी बंद पडणे इतकेच बहुधा घडते, तरी तीही चालवू नयेच.

नोझलच्या रंगावर भिस्त ठेवू नये, कारण प्रत्येक कंपनीची रंगसंगती निराळी असते. मुलांकडे परदेशी जाऊन गाडी चालविणाऱ्या ज्येष्ठांस तर मुद्दाम सांगावेसे वाटते की इंग्लंडात हिरवे नोझल पेट्रोलचे व काळे डिझेलचे असते, तर अमेरिकेत हिरवे नोझल पुष्कळ ठिकाणी डिझेलचे असते. आणि तेथे भरणारा हात आपलाच असतो. इकडे काय करावे, तर गाडीतून उतरावे, इंधनाचे नाव मोठ्याने उच्चारावे, आणि यंत्रावरील नाव वाचल्यावरच झाकण उघडावे. झाकणाच्या आतील बाजूस 'डिझेल' अशी ठळक चिठ्ठी लावल्यास भाड्याने दिलेल्या किंवा चालकाहाती असलेल्या गाड्यांत फार उपयोग होतो.

आधुनिक डिझेल गाड्यांपैकी काहींत डिझेलच्या तोंडाशेजारीच निळ्या झाकणाचे दुसरे तोंड असते. ते युरियाच्या द्रावणासाठी, म्हणजे डीईएफसाठी, असते. हे द्रावण डिझेलच्या टाकीत गेले तरी पुढील सूचनाच लागू पडतात.

1. किल्ली फिरवू नये, 'स्टार्ट'चे बटणही दाबू नये. इंजिन सुरू झाले नाही तरी बहुतेक गाड्यांत केवळ किल्ली फिरविताच टाकीतील विजेचा पंप इंधन पुढे ढकलू लागतो.
2. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीस न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूस घ्यावे. ऑटोमॅटिक गाडी ढकलण्याचा अट्टाहास न करता टोइंगची गाडी बोलवावी.
3. टाकी पूर्ण रिकामी करून धुवून घ्यावी. "थोडेच गेले आहे, वरून योग्य इंधन भरा, चालेल" हा सल्ला पंपावर कोणी ना कोणी देतोच. तो ऐकू नये.
4. पावती तत्काळ घ्यावी. तीवर एमएस असे छापले असेल तर ते पेट्रोल, आणि एचएसडी असे असेल तर ते डिझेल. हीच आपल्या दाव्याची पहिली साक्ष.
5. व्यवस्थापकाकडून घडलेल्या प्रसंगाची सही-शिक्क्यानिशी लेखी नोंद घ्यावी आणि कॅमेऱ्याचे चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा, कारण जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते.
6. विम्याची पॉलिसी वाचावी. सर्वसाधारण पॉलिसीत हे नुकसान सहसा अंतर्भूत नसते. रस्त्यावरील साहाय्याच्या वाढीव कलमात टाकी उपसण्याची सोय काही ठिकाणी असते.

कर्मचाऱ्याने चुकीचे इंधन भरले असेल तर ती सेवेतील त्रुटी होय, आणि टाकी धुण्याचा व दुरुस्तीचा खर्च पंपाकडून मागण्याचा आपणांस अधिकार आहे. मात्र चूक लक्षात आल्यावरही गाडी चालवीत नेली असेल, तर पुढील नुकसानीची जबाबदारी आपल्यावर ढकलली जाण्यास वाव मिळतो.

मापाविषयीचे खरे आणि खोटे

भरून झाल्यावर नळी उंच धरून उरलेले पेट्रोल टाकीत उतरवून घेणारे पुष्कळ आहेत. नळी भरण्यापूर्वीही भरलेलीच होती आणि भरल्यावरही ती भरलेलीच राहते. झडपेपुढील टोटीत उरतात ते थोडे थेंब तेवढे आपले, आणि त्यांच्यासाठी क्षणभर थांबणे पुरे. शंभराऐवजी एकशेदहा रुपयांचे भरल्याने माप वाढत नाही. पहाटे भरल्याने जास्त मिळते हेही खरे मानू नये. साठा जमिनीखाली असल्याने त्याचे तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही.

शून्य पाहावे, हे मात्र खरे. दर, लिटर आणि रक्कम हे तिन्ही आकडे दिसतील अशा जागी उभे राहावे. गाडीत बसून खिडकीतून पाहणे पुरेसे नाही. तरीही शून्य पाहिल्याने सर्व धोके टळतात असे नाही. २०१७ साली ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यातील अनेक पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्राच्या आतील पल्सर नावाच्या भागात फेरफार करून कमी इंधन देण्याचे प्रकार उघडकीस आले होते. तेथे पडद्यावरचे आकडे अगदी निर्दोष दिसत असत. अशा शंकेचे निरसन डोळ्यांनी होत नाही. त्यासाठी पाच लिटरचे माप मागावे.

प्रत्येक पंपावर वैधमापनशास्त्र यंत्रणेने तपासून शिक्का मारलेले पाच लिटरचे माप असले पाहिजे, आणि ग्राहकाने मागितल्यास त्याच्यासमक्ष, त्याच नोझलमधून, ते भरून दाखविले पाहिजे. माप सपाट जागी ठेवलेले असावे, आधी एकदा ओले करून निथळलेले असावे, आणि प्रवाह नेहमीच्या वेगाचा असावा. पाच लिटरांस २५ मिलिलिटरपर्यंतची तफावत कायद्याने क्षम्य आहे. त्याहून अधिक तूट दिसल्यास त्या यंत्रावरील विक्री थांबविण्याची मागणी करावी. ह्या तपासणीचे पैसे लागत नाहीत, आणि ते इंधन पंपाच्याच टाकीत परत जाते. यंत्राची फेरतपासणी दर वर्षी होते. तिचे प्रमाणपत्र दर्शनी भागी लावलेले असते, त्यावरील मुदत वाचून पाहावी.

भेसळीची शंका असल्यास फिल्टर पेपर मागावा. नोझलचे टोक पुसून कागदावर पेट्रोलचा एक थेंब टाकावा. तो सुमारे दोन मिनिटांत उडून जावा आणि काळपट डाग राहू नये. डाग राहिल्यास घनतेची तपासणी मागावी. १५ अंश सेल्सिअसला रूपांतरित केलेली घनता आणि पंपाच्या दफ्तरी नोंदलेली घनता ह्यांत घनमीटरला ३ किलोग्रॅमहून अधिक फरक असता कामा नये.

आपले हक्क आणि दाद मागण्याचा मार्ग

पाच लिटरचे माप, फिल्टर पेपर, घनतेची नोंद, पावती आणि तक्रार पुस्तक ही मागताक्षणी मिळाली पाहिजेत. चाकांस हवा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचाराची पेटी ह्या सोयीही विनामूल्य आहेत. त्यासाठी इंधन घेतलेच पाहिजे अशी अट नाही. आवाज चढवून ह्यांपैकी काही मिळत नाही. "माप आणा" हे दोन शब्द शांतपणे उच्चारले की वातावरण बदलते, असा माझा अनुभव आहे.

तेवढ्याने भागले नाही तर क्रम असा ठेवावा. प्रथम तक्रार पुस्तकात यंत्राचा क्रमांक, नोझलचा क्रमांक, वेळ आणि गाडीचा क्रमांक ह्यांसह नोंद करून तिची प्रत घ्यावी. त्यानंतर पंप ज्या तेल कंपनीचा आहे तिच्या विक्री अधिकाऱ्यास लिहावे; त्याचे नाव व दूरध्वनी पंपावरील फलकावर असतो. मापातील तुटीसाठी जिल्ह्यातील वैधमापनशास्त्र निरीक्षकाकडे अर्ज करावा, कारण २००९ च्या वैधमापनशास्त्र कायद्यान्वये यंत्र मोहोरबंद करण्याचा अधिकार त्यास आहे, पोलिसासही पुष्कळदा त्याच्याच मदतीने कारवाई करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. नुकसानभरपाई हवी असल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, आपण राहता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क द्यावे लागत नाही. प्रवासात, परक्या जिल्ह्यात घडलेल्या प्रसंगासाठी तेथे खेटे घालावे लागतील ह्या भयाने पुष्कळ जण गप्प बसतात. त्यांनी ही तरतूद अवश्य ध्यानात घ्यावी.

पंपावरची पावती उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर येते आणि गाडीच्या कप्प्यात चार महिने उन्हात राहिली की पुरती कोरी होते. ती हाती पडताच मोबाइलवर तिचे छायाचित्र घ्यावे, आणि त्याच चित्रात यंत्राचा क्रमांकही येईल असे पाहावे.